डिप्रेशनच्या गोळ्या लागू पडत नाहीत, मग मेंदूचा स्कॅन करावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धाकटा भाऊ २६ वर्षांचा, दीड वर्षापासून डिप्रेशन, दोन गोळ्या बदलून झाल्या तरी म्हणावा तसा फरक नाही. आता कुणीतरी सुचवलंय की मेंदूचा ‘फंक्शनल’ स्कॅन करून घ्या, कुठला भाग मंद चाललाय ते रंगांत दिसतं आणि त्यावरून नेमकी गोळी ठरवता येते. भावालाही तो करायचाच आहे. तो म्हणतो, “निदान काहीतरी दिसेल तरी.” तर करावा का?

गोळी निवडण्यासाठी करू नका. स्कॅनवर माझा विश्वास नाही म्हणून हे सांगत नाही. वीस वर्षांहून जास्त काळ मी मानसोपचारतज्ज्ञ म्हणून काम करते आहे, अनेकांना स्वतःहून एमआरआयला पाठवते, आणि टीएमएस (डोक्यावर चुंबकीय स्पंदनं देण्याचा उपचार) देताना तर रुग्णाचा एमआरआय समोरच्या पडद्यावर असतो. मेंदूच्या चित्रांनी आमच्या शाखेला खूप काही दिलंय. फक्त तुम्हाला ज्या कामासाठी स्कॅन सुचवला गेलाय, ते काम त्याला अजून जमत नाही. कुठलं जमतं आणि कुठलं नाही, हे जरा सविस्तर लिहिते, म्हणजे तुम्हाला कुणाच्या शब्दावर विसंबून राहावं लागणार नाही.

साध्या एमआरआयपासून सुरुवात करू. त्यात मेंदूची रचना दिसते: गाठ, रक्तस्राव, सूज, आकसलेला भाग. डिप्रेशन, बायपोलर, ओसीडी, स्किझोफ्रेनिया यांतला एकही आजार रुग्णाच्या एमआरआयवर बोट ठेवून दाखवता येत नाही. तरी आम्ही तो सांगतो, कारण कधी कधी मानसिक आजाराच्या रूपात दुसराच आजार समोर बसलेला असतो.

पन्नाशीतले एक गृहस्थ आठवतात. बोलेनासे झाले, कशात रस उरला नाही, म्हणून घरच्यांनी आणलं होतं. आठ महिने डिप्रेशनची गोळी चालू होती. माझ्याशी बोलता बोलता त्यांनी टेबलावरचा माझा पाण्याचा ग्लास उचलला, सगळा पिऊन टाकला आणि परत जागेवर ठेवला. पत्नी ओशाळली. “असे नव्हते हो हे. कुणाच्या घरी पाणी मागायलासुद्धा संकोचायचे.” मुलाच्या अपघाताची हकिगत सांगताना तिचा आवाज भरून आला, आणि हे खिडकीबाहेरच्या गाड्या मोजत होते. उदास माणसाच्या चेहऱ्यावर ओझं दिसतं. यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. एमआरआयमध्ये कपाळामागचा आणि कानशिलांलगतचा भाग वयाच्या मानाने बराच आकसलेला निघाला. हा फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया होता, म्हणजे मेंदूचे हेच भाग झिजत जाऊन स्वभाव बदलणारा आजार. त्या एका स्कॅनने सगळं बदललं: निरुपयोगी गोळी बंद झाली, बँकेचे व्यवहार वेळीच त्यांच्या हातून काढून घेता आले, आणि नवरा आपल्याशी तुसडेपणाने वागत नाही, तो आजारी आहे, हे पत्नीला कळलं. एमआरआयवरून उलगडा झाला नाही, तर अशा वेळी ग्लुकोजचा पेट स्कॅन मदतीला येतो. मेंदूचा कुठला भाग साखर कमी वापरतोय ते त्यात दिसतं.

पहिल्यांदाच भास होऊ लागलेल्या, संशयाने घेरलेल्या रुग्णांबाबतही हेच. अशा १,६०० हून अधिक रुग्णांच्या एमआरआयचा एकत्रित आढावा २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे चौथ्या हिश्शात काही ना काही वेगळं दिसलं, पण त्यामुळे उपचारात बदल करावा लागेल असे रुग्ण साधारण ६ टक्के होते. म्हणजे अठरा जणांचा एमआरआय करावा तेव्हा एकाला त्याचा खरा फायदा. हा आकडा मला लहान वाटत नाही; त्या अठराव्या माणसासाठी तेच सर्वस्व आहे. मात्र नॉर्मल एमआरआयने निर्धास्तही होऊ नये. २००७ मध्ये डॉ. जोसेप डालमाऊ यांच्या गटाने एनएमडीए रिसेप्टरविरुद्धच्या (मेंदूपेशींवर रासायनिक संदेश झेलणाऱ्या एका जागेविरुद्धच्या) प्रतिपिंडांमुळे होणाऱ्या मेंदूदाहाचा उलगडा केला. हा बऱ्याचदा तरुण मुलींना होतो, आधी वेडाचा झटका आल्यासारखाच दिसतो, वेळेवर पकडला तर बरा होतो, आणि यात एमआरआय पुष्कळदा नॉर्मल येतो. तिथे ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख) आणि मणक्यातलं पाणी काढून केलेली तपासणी कामी येते.

तुमच्या भावाला फिट आली असेल, डोक्याला मार लागल्यानंतर हे सुरू झालं असेल, नवीन डोकेदुखी हटत नसेल, चालताना तोल जात असेल, एका बाजूची ताकद कमी झाली असेल, मधेच भान हरपत असेल किंवा स्वभाव अचानक ओळखू न येण्याइतका बदलला असेल, तर साधा एमआरआय जरूर करा, आणि लवकर करा. पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच डिप्रेशन आलं तरी मी तो सांगते. यांतलं काहीच नसेल तर “एकदा बघून तरी घेऊ” म्हणून करू नये. धडधाकट माणसांच्या एमआरआयमध्येही शंभरात दोन-तीन जणांना एखादा निरुपद्रवी पाण्याचा फोड किंवा रक्तवाहिनीची वेगळी ठेवण यासारखं काही सापडतं. आधीच मन खचलेल्या मुलाच्या हातात असा रिपोर्ट पडला की पुढचे सहा महिने त्यातच जातात.

आता ‘फंक्शनल’ स्कॅनकडे येते. एफएमआरआयची, म्हणजे फंक्शनल एमआरआयची, मूळ कल्पना १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी मांडली. काम करणाऱ्या भागाकडे ऑक्सिजनयुक्त रक्त जास्त येतं, आणि ऑक्सिजन असलेल्या-नसलेल्या रक्ताचा चुंबकीय गुणधर्म वेगळा असतो. यंत्र तो फरक टिपतं. म्हणजे ते पेशींचं काम थेट पाहत नाही. काम झाल्यावर पाच-सहा सेकंदांनी वाढलेला रक्ताचा ओघ पाहतं, तोही दोन-तीन मिलिमीटरच्या ठोकळ्यात, जिथे लाखभर पेशी सहज असतात. स्पेक्ट या दुसऱ्या फंक्शनल स्कॅनमध्ये शिरेतून किरणोत्सारी औषध देऊन रक्तपुरवठ्याचं चित्र काढतात. दोन्हींमधले लाल, पिवळे, निळे रंग मेंदूत नसतात. आकड्यांना रंग द्यायचं काम संगणक करतो, आणि कुठल्या आकड्याखाली निळा द्यायचा ती रेघ माणूस ठरवतो. रेघ थोडी वर-खाली केली तर त्याच मेंदूचं चित्र पार वेगळं दिसतं.

माणसाने ठरवलेल्या अशा गोष्टी किती फरक पाडतात हे एका मोठ्या प्रयोगात समोर आलं. एकाच एफएमआरआय प्रयोगाची तीच माहिती ७० संशोधक गटांना दिली आणि तेच नऊ प्रश्न विचारले. २०२० मध्ये निकाल छापून आला: कुठल्याही दोन गटांची विश्लेषणाची पद्धत तंतोतंत सारखी नव्हती, आणि नऊपैकी अनेक प्रश्नांना त्यांची उत्तरं वेगवेगळी आली. हे सगळे मुरलेले लोक होते. मग एका रुग्णाच्या एका स्कॅनवरून कुणी ठामपणे गोळी सांगत असेल, तर तो ठामपणा कुठून आला असं विचारायला हवं.

याहून मोठी अडचण सरासरीची आहे. “डिप्रेशनमध्ये अमुक भाग मंद असतो” अशी वाक्यं तुम्ही वाचली असतील. ती खोटी नसतात, पण ती शेकडो जणांच्या सरासरीबद्दल असतात. एका शाळेतल्या दोन तुकड्यांची सरासरी उंची अर्ध्या सेंटिमीटरने वेगळी निघाली, म्हणून एका मुलाची उंची मोजून तो कुठल्या तुकडीतला ते सांगता येईल का? २०२२ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी १,८०९ जणांच्या मेंदूचं वेगवेगळ्या पद्धतींनी मोजमाप केलं, काहींना डिप्रेशन होतं आणि काही निरोगी होते. दोन्ही गटांचे आकडे ८७ ते ९५ टक्के एकमेकांवर पडत होते. एखादा आकडा पाहून माणूस कुठल्या गटातला हे ओळखायला घेतलं तर उत्तर ५४ ते ५६ टक्के वेळा बरोबर यायचं. नाणं उडवलं तर ५० टक्के येतं. आजार आहे की नाही हेच जिथे चित्रावरून कळत नाही, तिथे कुठली गोळी लागू पडेल हे त्यावरून वाचणं तर फारच दूरची गोष्ट. अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या तज्ज्ञगटानेही २०१८ मध्ये सगळा पुरावा तपासून हेच म्हटलं, की मानसिक आजाराचं निदान किंवा उपचाराची निवड रोजच्या प्रॅक्टिसमध्ये स्कॅनवरून करावी असं अजून काही हाती नाही.

यातून काय नुकसान होतं ते मी पाहिलंय. एक मुलगी अशाच एका सेंटरमधून स्कॅन करून माझ्याकडे आली होती, फाईल छातीशी धरून. खुर्चीत बसल्या बसल्या तिने चकचकीत कागद उलगडला आणि कपाळाच्या बाजूच्या एका निळ्या खळग्यावर बोट ठेवलं. “डॉक्टर, माझ्या मेंदूला इथे भोक आहे.” तिथे भोक नव्हतं. तेवढ्या जागेचा आकडा कुणीतरी आखलेल्या रेघेच्या जरासा खाली होता, म्हणून संगणकाने तिथला पृष्ठभाग दाखवलाच नव्हता. पण ती वर्षभर त्या भोकासह जगत होती. लग्नाचा विषय तिने बंद केला होता, समुपदेशनाला ती जात नव्हती, कारण “बोलून भोक थोडंच भरणार?” तिच्याशी पहिल्या तीन भेटी मी फक्त त्या एका कागदाबद्दल बोलले. तिचं डिप्रेशन पुढे साध्या औषधाने आणि नेटाने चालवलेल्या सीबीटीने (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाने) ओसरलं. ते वर्ष मात्र तिला कुणी परत देऊ शकलं नाही, आणि त्याचा मला आजही राग येतो.

आता चांगली बाजू. ती सांगितल्याशिवाय हे उत्तर अर्धवट राहील.

स्कॅनने उपचाराला खरी दिशा दिली ती डोसच्या बाबतीत, आणि त्याचा फायदा कधीच स्कॅन न केलेल्या लाखो रुग्णांना झाला. एकेकाळी भास आणि संशयावरचं हॅलोपेरिडॉलसारखं औषध (अँटीसायकोटिक) दिवसाला वीस मिलिग्रॅम आणि त्याहूनही जास्त सर्रास दिलं जायचं. रुग्ण लाकडासारखा ताठ व्हायचा, लाळ गळायची, हात थरथरायचे, आणि घरचे म्हणायचे, आजार परवडला पण औषध नको. १९८० च्या दशकात स्टॉकहोममध्ये लार्स फार्दे यांनी पेट स्कॅनने औषध घेणाऱ्या माणसाच्या मेंदूत डोपामिन या रसायनाचे किती रिसेप्टर व्यापले गेलेत हे मोजून दाखवलं. पुढे टोरोंटोत शितिज कपूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच आजारी पडलेल्या २२ रुग्णांना फक्त १ किंवा २.५ मिलिग्रॅम हॅलोपेरिडॉल देऊन पेट स्कॅन केले. २००० साली आलेला तो निष्कर्ष माझ्या पिढीच्या हाडात मुरलाय: साधारण ६५ टक्के रिसेप्टर व्यापले की गुण येण्याची शक्यता वाढते, ७८ टक्क्यांच्या पुढे गेलं की ताठपणा आणि थरथर वाढते. मधली पट्टी अरुंद आहे, आणि बहुतेकांना ती अगदी थोड्या मिलिग्रॅममध्ये गाठता येते. आज मी एखाद्या मुलाला अँटीसायकोटिकचा छोटा डोस लिहिते आणि त्याची आई विचारते, “एवढ्याने होईल?”, तेव्हा माझ्या “होईल”मागे ते २२ जण असतात.

डिप्रेशनच्या एसएसआरआय गोळ्यांचंही तसंच. २००४ मध्ये पाच वेगवेगळ्या एसएसआरआयचा पेटने अभ्यास झाला. नेहमीच्या सुरुवातीच्या उपचारी डोसलाच सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन परत शोषून घेणाऱ्या वाहकांपैकी ८० टक्क्यांच्या आसपास वाहक रोखले जातात, आणि त्यापुढे डोस वाढवला तरी हा आकडा फारसा चढत नाही. काहींना वाढीव डोसचा गुण येतो, हे मी नाकारत नाही. पण वाढवून तीन-चार आठवड्यांत फरक नसेल तर तीच गोळी चढवत नेण्यापेक्षा दुसरा मार्ग धरावा, हे मी या अभ्यासामुळे लवकर सुचवते. तुमच्या भावाच्या दोन गोळ्यांच्या बाबतीत हे विचारण्यासारखं आहे.

दुसरी जागा म्हणजे नेम धरणं. टीएमएसमध्ये डोक्यावर कॉइल धरून चुंबकीय स्पंदनं देतात, आणि डिप्रेशनसाठी ती बहुधा डाव्या कपाळामागच्या भागावर देतात. अमेरिकेत २००८ मध्ये याला मान्यता मिळाली. मी शिकले तेव्हाची रीत अशी: कॉइल डोक्याच्या डाव्या बाजूला थोडी थोडी सरकवत जायची, एका जागी उजव्या हाताचा अंगठा टुणकन उडतो. ती हालचालीची जागा. तिथे टोपीवर खूण करायची, टेपने पाच सेंटिमीटर पुढे मोजायचं, तिथे उपचार. मोठं डोकं असो की लहान, पाच म्हणजे पाच. पुढे एमआरआयवरून ताडून पाहिलं तेव्हा पुष्कळांच्या बाबतीत ही जागा हव्या त्या भागाच्या मागेच पडत होती. आता रुग्णाच्या कपाळाला चकाकत्या गोळ्यांची पट्टी बांधतो, समोरचा कॅमेरा त्या गोळ्या पाहतो, आणि पडद्यावर त्याच्याच एमआरआयवर कॉइलचा नेम कुठे लागलाय ते दिसतं. त्याने मान जराशी वळवली तरी पडद्यावरचा ठिपका सरकतो आणि मी कॉइल परत जागेवर आणते.

याच्याही पुढचं पाऊल म्हणजे एफएमआरआय पाहून जागा ठरवणं. मायकेल फॉक्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की कपाळामागच्या ज्या जागेचं काम मेंदूत खोलवर असलेल्या सबजेन्युअल सिंग्युलेट या भागाच्या उलट लयीत चालतं, तिथे उपचार केलेल्यांना जास्त गुण आला. त्या धाग्यावर स्टॅनफर्डमध्ये एक पद्धत तयार झाली: एफएमआरआयवरून प्रत्येकाची जागा शोधायची आणि पाच दिवस, रोज दहा सत्रं द्यायची. २०२२ मध्ये छापलेल्या २९ जणांच्या चाचणीत खऱ्या उपचाराने चार आठवड्यांनंतर लक्षणं सरासरी ५२ टक्के कमी झाली, खोट्या, नुसत्या दिखाव्याच्या उपचाराने ११ टक्के. त्याच वर्षी अमेरिकेत मान्यताही मिळाली. हे वाचून मला मनापासून आनंद झाला होता. पण यश एफएमआरआयने शोधलेल्या जागेचं, की पाच दिवसांत दिलेल्या पन्नास सत्रांचं, हे त्या चाचणीतून वेगळं काढता येत नाही. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या २५५ रुग्णांच्या चाचणीत एफएमआरआयवरून जागा ठरवलेल्या आणि साध्या एमआरआयवरून ठरवलेल्या टीएमएसची तुलना झाली. दोन्ही गटांत लोक सुधारले, सुधारणा टिकलीही, पण दोघांमध्ये फरक दिसला नाही. म्हणून टीएमएससाठी साधा एमआरआय उपलब्ध असेल तर मी तो वापरते. एफएमआरआय नसेल तर टीएमएस कमी दर्जाचं झालं असं मानू नका.

आणि गोळी निवडणं? त्यावर काम चालू आहे, मी ते आशेने वाचते. २०१३ मध्ये पेट स्कॅनच्या एका अभ्यासात उजव्या इन्सुला या भागात साखरेचा वापर कमी असलेले लोक सीबीटीने बरे झाले, जास्त असलेले एस्सिटालोप्राम या गोळीने. गट छोटा होता. २०२४ मध्ये लिॲन विल्यम्स यांच्या गटाने ८०१ जणांच्या एफएमआरआयवरून डिप्रेशन आणि चिंतेचे सहा प्रकार मांडले, आणि कुठल्या प्रकाराला कुठला उपचार जास्त मानवतो याच्या खुणा दाखवल्या. पण २०१७ मध्येही असेच चार प्रकार मोठ्या थाटात आले होते, आणि दुसऱ्या संशोधकांनी वेगळ्या रुग्णांत ते तपासले तेव्हा ते टिकले नाहीत. वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या यंत्रावर तेच पुन्हा सिद्ध व्हावं लागतं. एखादं विद्यापीठ असा अभ्यास करत असेल आणि भावाला स्वखुशीने भाग घ्यायचा असेल तर जरूर घेऊ दे, फक्त उपचाराचा निर्णय त्या चित्रासाठी अडवून ठेवू नका.

मग आत्ता काय करायचं? एका कागदावर दोन्ही गोळ्यांची नावं, किती मिलिग्रॅम, किती आठवडे, मधे किती दिवस चुकल्या, आणि का थांबवल्या हे लिहा. ‘दोन गोळ्या लागू पडल्या नाहीत’ असं सांगत आलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा असा कागद भरला की एक गोळी पुऱ्या डोसला सहा आठवडे कधी घेतलीच नव्हती हे समोर येतं. थायरॉईड, बी१२, हिमोग्लोबिन झालं नसेल तर करून घ्या. दारू किंवा इतर नशा असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. आणि तुम्ही बहीण म्हणून एक गोष्ट नीट आठवा: यापूर्वी कधी चार-सहा दिवस असे गेले का, की तो जेमतेम झोपला तरी थकला नाही, अखंड बोलत होता, पैसे उधळत होता, मोठमोठे बेत करत होता? तसं असेल तर हे बायपोलर असू शकतं आणि उपचार पूर्ण वेगळा होतो. ही गोष्ट मला कुठलाही स्कॅन सांगत नाही, घरचं माणूस सांगतं. हे सगळं तपासूनही तिसरी पायरी लागलीच, तर सीबीटीची जोड, लिथियमसारखं पूरक औषध, टीएमएस, आणि आजार तीव्र असेल तर ईसीटी (भूल देऊन मेंदूला विजेचा सौम्य झटका देण्याचा उपचार), असे चांगले मार्ग शिल्लक आहेत. जगण्यात अर्थ नाही अशी भाषा तो बोलत असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि त्याला एकटं सोडू नका.

“निदान काहीतरी दिसेल तरी,” असं तो म्हणाला, त्यावर मी बराच वेळ थांबले. मला वाटतं, त्याला कुणीतरी आळशी म्हटलंय, किंवा त्याने स्वतःलाच म्हटलंय, आणि त्याला पुरावा हवाय. त्याच्या डॉक्टरांना सांगा, पुढच्या भेटीत पहिली दहा मिनिटं गोळ्यांवर नको, यावर बोलूया. आणि घरी आज त्याला एवढंच विचारा, की असं कोण म्हणालं.